साहेबांची मर्जी आणि बढतीची शिडी

लखनौच्या अमीनाबाद बाजारात कापडाच्या जुन्या पेढीवर नव्या पोऱ्याला कुणी लगेच गिऱ्हाइकापुढे बसवत नाही. तो ठाण उचलतो, घड्या घालतो, चहा आणतो. गल्ल्याजवळ पोचायला वर्षं जातात आणि तेवढ्या काळात कापडाच्या आधी त्याला मालक कळू लागतो. मालकाला कोणता शब्द खटकतो, कोणत्या वेळी समोर जायचं नाही, कशाने तो खूश होतो, हे सगळं त्याला पाठ होतं.

'गोलमाल'मधला (१९७९) मालक भवानीशंकर मुंबईच्या ऑफिसात बसतो, पण शोभला असता अशाच पेढीवर. तरुणांनी मिशी ठेवावी, कुर्ता घालावा, खेळाचं नाव काढू नये, असा त्याचा हट्ट. ऋषिकेश मुखर्जींच्या या चित्रपटाचे संवाद गाझीपूरच्या राही मासूम रझांचे, त्यामुळे भवानीशंकर झालेल्या उत्पल दत्तांच्या तोंडी तो हट्ट अस्सल उत्तरेकडचा वाटतो. नायक रामप्रसाद शर्मा चार्टर्ड अकाउंटंट आहे, नोकरीला सर्वार्थाने लायक. तरी मुलाखतीला जाताना तो आखूड कुर्ता चढवतो आणि खेळातलं आपल्याला काही कळत नाही असं दाखवतो. नोकरी मिळते. मग आईच्या आजारपणाची थाप मारून तो हॉकीचा सामना बघायला जातो, नेमका भवानीशंकरही तिथेच! ती थाप निभावण्यासाठी बिनमिशीचा जुळा भाऊ जन्माला घालावा लागतो. खरी मिशी जाते, खोटी येते.

साहेबांच्या मर्जीची अशीच गोष्ट सांगणारा 'हाऊ टू सक्सीड इन बिझनेस विदाउट रिअली ट्राइंग' 'गोलमाल'च्या बारा वर्षं आधी अमेरिकेत पडद्यावर आला. मूळ पुस्तक शेफर्ड मीडचं, १९५२चं. जाहिरात कंपनीत टपाल विभागापासून वर चढलेल्या माणसाने लिहिलेलं ते पुस्तक. त्यावरचं फ्रँक लोसर यांच्या गाण्यांचं नाटक १९६१मध्ये ब्रॉडवेवर आलं, १,४१७ प्रयोग झाले आणि १९६२चं पुलित्झर त्याला मिळालं. नायक फिंच इमारतीच्या काचा पुसतो. 'यशस्वी कसे व्हावे' छापाचं पुस्तक त्याच्या हाती पडतं आणि तो टपाल विभागातून थेट अध्यक्षपदापर्यंत चढतो. बड्या साहेबांना चोरून विणकामाचा नाद आहे हे कळताच तोही सुया हातात घेतो. शनिवारी सकाळी टेबलावर कागद आणि कॉफीचे कप पसरून रात्रभर राबल्याचा देखावा करतो.

दोन्ही नायक साहेबांच्या मर्जीचाच अभ्यास करतात. पण फिंचला काम येतच नाही आणि कुणाला ते जाणवतही नाही. तिथे कंपनीचं पितळ उघडं पडतं. रामप्रसादला काम येतं, तरी सोंग घ्यावं लागतं, म्हणून त्याच्या फजितीवर हसताना आपल्याला त्याची काळजीही वाटते. गाण्यांतही हाच फरक आहे. अमेरिकी चित्रपटात ऑफिसच गातं. साहेब, सेक्रेटरी, टपालवाले सगळे. आर. डी. बर्मन यांच्या चाली मात्र रामप्रसादच्या ऑफिसाबाहेर वाजतात, स्वप्नात किंवा भवानीशंकरच्या मुलीच्या शिकवणीत. नोकरी जिथे जाऊ शकते तिथे माणूस गात नाही, हे मुखर्जींनी अचूक ओळखलं होतं, असं मला वाटतं.

आणि रामप्रसादच्या भूमिकेसाठी त्यांना अमोल पालेकर मिळाले. चित्रपटांत येण्याआधी पालेकरांनी बँक ऑफ इंडियात नोकरी केली होती. साहेबांपुढे थोडं झुकून, हात जवळ घेऊन उभं राहण्याची त्यांची ढब पाहिली की तो माणूस आपल्या शेजारच्या टेबलावरचाच वाटतो. या भूमिकेला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. 'गोलमाल'वरून १९८१मध्ये तमिळमध्ये रजनीकांतचा 'तिल्लू मुल्लू' आला आणि २०१२मध्ये रोहित शेट्टींचा 'बोल बच्चन'. शेट्टींनी भवानीशंकरच्या जागी गावातला पहिलवान आणला. तिथे पकडलं गेल्यावर मार बसेल एवढीच भीती उरली, पगार जाण्याची धास्ती संपली.