तो हेर नक्की कुणाचा?

मंडळी, आधी एक कबुली. माझं शिक्षण के.जी.पासून बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी बोलते झकास, पण लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घ माझ्याशी कट्टी घेतात. तेव्हा चुका दिसल्या तर लाल पेनाने गोल करा, मार्क कापू नका. विषय मात्र भारी आहे. 'व्हेअर ईगल्स डेअर' हा १९६८ चा हेरगिरीचा सिनेमा, आणि त्याबद्दल आमच्या हॉस्टेलपासून रोहा-पेणपर्यंतच्या प्रेक्षकांची मतं!

(सूचना: पुढे सगळी गोष्ट फोडलेली आहे. ज्यांना सिनेमा आधी पाहायचाय त्यांनी पान उलटावं. नंतर परत यावं.)

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. दिग्दर्शक ब्रायन हटन, कथा-पटकथा ॲलिस्टर मॅक्लीन, हिरो दोन: रिचर्ड बर्टन आणि क्लिंट ईस्टवुड. लांबी अडीच तासांहून जास्त. दुसऱ्या महायुद्धातला १९४३-४४ चा हिवाळा. एक अमेरिकन जनरल जर्मनांच्या हाती लागलाय. त्याला युरोपवरच्या मोठ्या हल्ल्याची सगळी योजना माहीत आहे. जर्मनांनी त्याला आल्प्समधल्या एका गडावर ठेवलंय. गडाचं नाव 'श्लॉस आडलर', म्हणजे गरुडगड. वर जायला फक्त केबल कार. तो बोलायच्या आत त्याला सोडवायला जर्मन गणवेश घातलेली एक छोटी तुकडी पॅराशूटने उतरते. गड खराच आहे, ऑस्ट्रियातला होहेनवेर्फेन. आतले प्रसंग इंग्लंडच्या स्टुडिओत घेतलेत.

हॉस्टेलचं मत

इंटर्नल्स संपल्या त्या रात्री आम्ही हा सिनेमा कॉमन रूममध्ये प्रोजेक्टरवर लावला. सुरुवातीला वीसजणी होत्या. पहिला पाऊण तास बर्फ तुडवण्यात गेल्यावर सातच उरल्या. माझी रूममेट म्हणाली, "दीडपट स्पीडने लाव गं." एरोमॉडेलिंग क्लबवाली म्हणाली, "ते हेलिकॉप्टर बघ. ते बेल ४७ आहे, ते पहिल्यांदा उडालं डिसेंबर १९४५ मध्ये. जर्मन जनरल त्यातून दीड-दोन वर्षं आधीच कसा उतरला?" तिसरीचा आक्षेप गोळ्यांवर होता. एमपी ४० या बंदुकीच्या मॅगझिनमध्ये ३२ गोळ्या बसतात, आणि ईस्टवुडच्या बंदुकीला बहुतेक मॅगझिनऐवजी गच्चीवरची टाकी जोडलेली होती!

रेक्टर मॅडम सहज डोकावल्या आणि शेवटपर्यंत बसल्या. त्यांचं मत सगळ्यात वेगळं निघालं. "पोस्टरवर दोन पुरुष आहेत, पण मेरी आणि हायडी या दोघी नसत्या तर एकालाही गडात पाय ठेवता आला नसता." खरंच आहे. मेरी मोलकरीण म्हणून आत शिरते आणि वरून दोर सोडते.

पण खरी मजा मधल्या दरबाराच्या सीनला आली. (खरं तर तो जेवणाचा हॉल आहे, पण थाट दरबाराचाच!) तिथे हिरो मेजर स्मिथ एकामागून एक अशी काही विधानं करतो की आम्ही पॉज केलं तेव्हा सातजणींच्या तीन थिअऱ्या होत्या. इंग्लिश मीडियमवाल्या आम्ही, वर सबटायटल्स, तरी दोनदा मागे न्यावं लागलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रोह्याचं मत

सुट्टीत रोह्याला घरी गेले तेव्हा जेवताना या सिनेमाचं नाव काढलं. आजोबांचा घास हातातच राहिला. "तो रोपवेवाला पिक्चर? बर्फातला गड?"

आजोबा तरुणपणी परळच्या एका गिरणीत फिटर होते. तेव्हा आपला जिल्हा 'कुलाबा' होता, 'रायगड' हे नाव १९८१ ला मिळालं. जानेवारी १९८२ चा संप झाला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात उतरले, आणि त्यानंतर आजोबा गावी परतले. पुढे धाटावच्या एमआयडीसीत नोकरी केली. त्यांचं इंग्रजी म्हणजे नट, बोल्ट, बेअरिंग आणि ओव्हरटाइम. पण १९७० च्या आसपास त्यांनी मुंबईत हा सिनेमा पाहिला होता, आणि एकदा नाही, तीनदा! सोबत गाळ्यातला त्यांचा दोस्त, पेण तालुक्यातला.

मी विचारलं, "आजोबा, तुम्हाला कळला कसा?"

"कळायला काय गो? गड घ्यायचा होता, घेतला. तानाजीला कळायला इंग्रजी लागतं काय?"

मी गप्प! मला जे 'कमांडो मिशन' दिसलं होतं ते आजोबांना गडावरची चढाई म्हणून दिसलं. अवघड कडा, दोर, वेषांतर, आतून मदत करणारं माणूस. आपल्याकडे बहिर्जी नाईकांच्या गोष्टी ऐकून मोठ्या झालेल्या माणसाला यात परकं असं काय आहे?

मग ते म्हणाले, "एकच गोष्ट कळली नाही. तो मोठा हिरो शेवटी कुणाचा माणूस होता?"

यावरून म्हणे गाळ्यात त्यांचं आणि दोस्ताचं कडाक्याचं भांडण झालं होतं. आठ दिवस खानावळीत वेगवेगळ्या पंगतीला बसले. आजोबांचं म्हणणं, स्मिथ फितूर. पुरावा? दरबारात तो आपल्याच जोडीदाराची बंदूक खाली ठेवायला लावतो आणि जर्मन साहेबांबरोबर ऐटीत बसतो. आणि शेवटी विमानात आपल्याच इंग्रज साहेबाला पॅराशूटशिवाय उडी मारायला लावतो. आपला असता तर असं करेल? दोस्ताचं म्हणणं, तो पहिल्यापासून इंग्रजांचाच. पुरावा? मेरी त्याला कधी सोडत नाही, आणि गडावरचे जर्मन त्याने मोजता येणार नाहीत इतके मारले.

एकही संवाद न कळता, नुसतं बघून केलेला हा युक्तिवाद! आमच्या तीन थिअऱ्यांपेक्षा हा कितीतरी पक्का होता.

"तुला इंग्रजी येतं ना? मग सांग." आजोबा म्हणाले. आणि मी अडकले. 'डबल एजंट'ला मराठीत काय म्हणायचं? 'ब्लफ'ला? 'कव्हर'ला? पंधरा वर्षं महागड्या शाळेत शिकून मला आजोबांना एक सीन सांगता येईना. शेवटी वही काढली, बाण काढले, आणि पाच पायऱ्या केल्या. व्हायवाला अशीच तयारी केली असती तर!

दरबाराचा सीन, पाच पायऱ्यांत

एक. पकडलेला जनरल खोटा आहे. तो एक नट आहे, अमेरिकन फौजेतला साधा कॉर्पोरल. म्हणजे सोडवण्याची मोहीम हाच मुळी बहाणा.

दोन. खरं काम वेगळं. लंडनच्या गुप्तहेर खात्यात जर्मनांचे हेर घुसलेत, त्यांची नावं हवीत. तुकडीतलेच तिघं त्यांच्यापैकी आहेत. गडावर पोचल्यावर ते जर्मनांना उघड सांगतात, आम्ही तुमचेच.

तीन. स्मिथ आत येतो आणि म्हणतो, "जर्मनांचा खरा हेर मी. हे तिघं इंग्रजांनी पाठवलेले तोतये आहेत." इटलीतल्या एका जर्मन अधिकाऱ्याला फोन लावून तो स्वतःची ओळखही पटवतो. आता जर्मनांना कळेना, खरे कोण!

चार. स्मिथ सुचवतो, "यांना म्हणावं, खरे असाल तर इंग्लंडमधल्या आपल्या सगळ्या हेरांची नावं लिहून द्या. माझ्या यादीशी ताडून बघू." जीव वाचवायला तिघं भराभरा नावं लिहितात. आणि स्मिथची वही? कोरी! यादी नव्हतीच. शत्रूकडूनच त्याने यादी लिहून घेतली.

पाच. सगळ्यात मोठ्या फितुराचं नाव स्मिथला आधीच माहीत होतं, फक्त खात्री हवी होती. ते नाव जर्मन कर्नलला गुपचूप दाखवून ती त्याने करून घेतली. तो फितूर म्हणजे लंडनहून ही मोहीम पाठवणारा कर्नल टर्नर. त्याने स्मिथला निवडलं, कारण स्मिथ जर्मनांचा माणूस आहे अशी त्याची समजूत होती. विमानातून उडी मारतो तो हाच. आणि ईस्टवुडला बरोबर घेतलं कारण तो अमेरिकन, त्या खात्याच्या बाहेरचा. तो फितूर असण्याची शक्यताच नाही.

आजोबा बराच वेळ वहीकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे जनरलला सोडवायला नाही, आपल्यातला सूर्याजी पिसाळ शोधायला गेले होते."

एका वाक्यात! १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला. त्यात सूर्याजी पिसाळाचा हात किती होता यावर इतिहासकारांनी वाद घालावेत, पण मराठीत हे नाव म्हणजे 'आतला फितूर'. माझ्या पाच पायऱ्यांना हा शब्द मिळाला असता तर दोनच पुरल्या असत्या.

थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "म्हणजे तो बरोबर होता. पेणवाला."

तो दोस्त आता नाही. जाऊन बरीच वर्षं झाली.

उडी खरी की खोटी?

विषय बदलावा म्हणून मी केबल कारवरची उडी काढली. स्मिथ एका ट्रॉलीच्या छतावर मारामारी करतो, स्फोटकं लावतो आणि समोरून येणाऱ्या ट्रॉलीवर उडी मारतो. (प्रत्यक्षात उडी मारणारा स्टंटमन आल्फ जॉइंट.) आमच्या कॉमन रूममध्ये सगळ्या ओरडल्या होत्या, "बरोब्बर वेळेला दुसरी ट्रॉली आलीच कशी?"

आजोबा म्हणाले, "येणारच. एकाच दोराला दोघी बांधलेल्या. एक खाली येते म्हणून दुसरी वर जाते. मध्यावर भेटतातच."

अगदी बरोबर. अशा रोपवेत ट्रॉल्या जाड, स्थिर दोरावरून चाकांवर धावतात आणि दुसरा दोर त्यांना ओढतो. खाली येणारीचं वजन वर जाणारीला मदत करतं, त्यामुळे मोटरला फक्त दोघींच्या वजनातला फरक आणि घर्षण एवढंच सांभाळायचं असतं. लिफ्टचं काउंटरवेट तेच करतं. आणि फर्स्ट इयरला मेकॅनिक्समध्ये पुलीवरून दोन वजनं सोडायचं गणित असतं ना? तेच हे! मी ते पेपरात सोडवलं, पडद्यावर ओळखलं नाही. १९९६ साली सुरू झालेल्या रायगडच्या रोपवेतही वर जाताना खाली येणाऱ्या ट्रॉल्या भेटतात. तिथे मी फक्त फोटो काढले होते.

पण उडी सोपी नाही. धरून चाला की प्रत्येक ट्रॉलीचा वेग सेकंदाला ४ मीटर. समोरासमोर म्हणजे एकमेकींच्या मानाने ८ मीटर, ताशी जवळजवळ २९ किलोमीटर. ट्रॉली ४ मीटर लांब असेल तर उडीला मिळतो अर्धा सेकंद. शिवाय एक ट्रॉली तुटून पडली की समतोल गेला, तरी सिनेमात दुसरी निवांत चालत राहते. आजोबा म्हणाले, "तिथं आम्ही डोळे मिटले. तिकीट वसूल झालं होतं."

पेणचं मत

सुट्टी संपली. मी हॉस्टेलला निघाले तर आजोबा पिशवी घेऊन तयार. "पेणपर्यंत येतो." मेमूने नागोठणे, कासू करत पेणला उतरलो. दोस्ताच्या घरी आता मुलाचा गणपतीचा कारखाना आहे. शाडू, साचे, रंगाचा वास. काकांनी मोबाइलवर ती मारामारी बघितली आणि लगेच म्हणाले, "खाली पडतात ती बाहुली आहेत. माणूस पडताना हात असे सुटे ठेवत नाही." रोज मूर्तीचे हात जोडणाऱ्या माणसाची नजर ती!

आजी आतून बाहेर आल्या. आजोबा उभेच राहिले. म्हणाले, "वहिनी, त्या पिक्चरमधला तो माणूस इंग्रजांचाच होता. तुमचे मालक बरोबर होते. आज नातीने सांगितलं."

आजी क्षणभर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते म्हणायचेच, तो रोहेकर हट्टी आहे, पण एक दिवस येऊन कबूल करेल. बसा, चहा टाकते."

तर मंडळी, माझं मत असं. हा सिनेमा डोळ्यांनी बघायचा वेगळा आणि कानांनी ऐकायचा वेगळा आहे. मी शब्द पकडले आणि गड, दोर, पुली सगळं सोडून दिलं. आजोबांनी सगळं पकडलं, फक्त एक सीन निसटला, आणि त्याचं उत्तर तेव्हा त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. इंग्रजी येणं म्हणजे सिनेमा कळणं नव्हे. पण ज्याला येतं त्याने घरी जाऊन सांगायला हवं, आणि मराठीत सांगायला हवं. तुमच्याही घरी असा एखादा अर्धवट कळलेला पिक्चर असेल. पुढच्या सुट्टीत विचारून बघा. आणि उत्तर देताना अडकलात, तर वही घ्या आणि बाण काढा.