लाल, काळा आणि शून्य

यंदाच्या स्मरणिकेसाठी 'वैद्यकाच्या जरा बाहेरचे' लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा मला एका वहीची आठवण झाली. ती वही माझ्या एका बालरुग्णाच्या वडिलांची होती.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. गोव्यातील स्थानिकांना २०२० साली कॅसिनोत प्रवेशबंदी झाली; त्याच्या पुष्कळ आधीची. दम्याची एक सहा वर्षांची मुलगी माझ्याकडे नियमाने येत असे. मध्येच तिचे येणे थांबले आणि एका पहाटे ती धापा टाकीतच आली. रोजचा इनहेलर दोन महिने बंद होता. कारण विचारले तेव्हा आई भिंतीकडे पाहत राहिली. नेब्युलायझरनंतर मुलीचा डोळा लागला, तेव्हा वडील हळूच म्हणाले, "दोतोर, थोडे दिवस ओढाताण आहे. पण हिशेब जमत आलाय." खिशातून त्यांनी एक लहान वही काढली. पानोपानी १००, २००, ४००, ८०० असे आकडे होते आणि बहुतेक पानांखाली किरकोळ नफा मांडलेला होता. मांडवीतील कॅसिनोच्या बोटीवर ते रूलेट खेळत. "लालवर शंभर लावायचे. हरलो की दुप्पट. कधी ना कधी लाल येणारच ना? आले की सगळे वसूल, वर शंभर नफा."

या पद्धतीला 'मार्टिंगेल' म्हणतात आणि ती अठराव्या शतकापासून युरोपात प्रचलित आहे. तिची भावंडेही आहेत. हरल्यावर पण एकाने वाढवायचा व जिंकल्यावर एकाने उतरवायचा, ही पद्धत फ्रेंच गणिती दालांबेर यांच्या नावाने ओळखली जाते. १, १, २, ३, ५, ८ अशा फिबोनाची श्रेणीने पण वाढविणारेही आहेत. लाबूशेर या ब्रिटिश संसदपटूच्या नावाच्या पद्धतीत कागदावर काही आकडे लिहून पहिल्या व शेवटच्या आकड्यांच्या बेरजेइतका पण लावतात. जिंकल्यास ते दोन्ही खोडायचे, हरल्यास हरलेला आकडा शेवटी जोडायचा.

या साऱ्यांचे दुखणे एकच आहे. युरोपीय रूलेटच्या चाकावर ३७ घरे असतात : १८ लाल, १८ काळी आणि एक हिरवे शून्य. लाल येण्याची शक्यता ३७ मध्ये १८, म्हणजे ४८.६५ टक्के. जिंकल्यास मात्र पणाइतकेच पैसे मिळतात. त्यामुळे लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे घराकडे जातात. अमेरिकी चाकावर दोन शून्ये असल्याने हाच आकडा ५ रुपये २६ पैसे होतो. पण लहान असो वा मोठा, आधी लावा वा नंतर, हे प्रमाण बदलत नाही. तोट्याच्या डावांची कोणत्याही क्रमाने बेरीज केली, तरी ती तोट्याचीच येणार.

मग वहीत नफा कसा दिसत होता? मी औषधाच्या चिठ्ठीमागे त्यांना हिशेब मांडून दाखविला. समजा, टेबलावर कमीत कमी १०० आणि जास्तीत जास्त १०,००० रुपये लावता येतात. शंभरापासून दुप्पट करीत गेल्यास सातवा पण ६,४०० रुपयांचा होतो. आठवा १२,८०० चा लावताच येत नाही. सात डाव ओळीने हरल्यास एकूण १२,७०० रुपये जातात. असे घडण्याची शक्यता सुमारे १०६ फेऱ्यांत एकदा. म्हणजे १०५ वेळा शंभर-शंभर मिळून १०,५०० रुपये येतात आणि एकाच वेळी १२,७०० जातात. पद्धत तोटा नाहीसा करीत नाही. तो एका कोपऱ्यात साठवून ठेवते. आपल्या भाषेत सांगायचे तर तापाच्या औषधाने थर्मामीटरवरचा आकडा उतरला, जंतुसंसर्ग आत वाढतोच आहे.

'इतक्या वेळा काळा आला, आता लाल येणारच' ही समजूत या सर्व पद्धतींच्या मुळाशी आहे. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत काळा रंग ओळीने २६ वेळा आला आणि लालवर पण वाढवीत गेलेल्यांचे प्रचंड नुकसान झाले. चाकाला स्मरणशक्ती नसते. दालांबेरसारखा थोर गणितीही संभाव्यतेत चुकला होता : दोनदा नाणे उडविल्यास एकदा तरी छाप पडण्याची शक्यता त्याने १७५४ साली तीन-चतुर्थांशाऐवजी दोन-तृतीयांश सांगितली.

या चुकीला हसण्याआधी आपण आपल्या बाह्यरुग्ण विभागात डोकवावे. लाप्लास यांनी १८१४ साली संभाव्यतेवरील निबंधात पुत्रेच्छुक पुरुषांचे उदाहरण दिले आहे : आसपास मुलगे जन्मलेले ऐकले की आता आपल्या वाट्याला मुलगी येणार, म्हणून ते धास्तावत. "दोन मुली झाल्या, आता मुलगाच," असे म्हणणारी आजी आपण सर्वांनी पाहिली आहे. प्रत्येक गर्भधारणेत मुलगा होण्याची शक्यता निम्म्याहून किंचित अधिक असते आणि आधीच्या मुलींशी तिचा जवळजवळ काही संबंध नसतो. येथे मात्र पणाला आईची प्रकृती लागते.

जुगाराच्या विकाराला अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात १९८० साली स्थान मिळाले आणि २०१३ च्या आवृत्तीत तो व्यसनांच्या पंक्तीत गेला. पार्किन्सन विकारातील प्रामिपेक्सोलसारख्या औषधांनी काही रुग्णांना एकाएकी जुगाराची ओढ लागते, हेही ध्यानात ठेवावे. वर्तनोपचारांचा उपयोग होतो. निवडक रुग्णांना नाल्ट्रेक्झोनही देतात. भारतात पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला. परंतु कायद्याने ओढ संपत नाही.

माझ्या हिशेबाने ते गृहस्थ त्या पहाटे सुधारले, असे मात्र झाले नाही. त्यांनी चिठ्ठी नीट वाचली आणि म्हणाले, "म्हणजे मला आणखी भांडवल हवे." तीन आठवड्यांनी त्यांची पत्नी एकटीच आली. तिचे हात मोकळे होते. बांगड्या सातव्या डावात गेल्या होत्या. मग मात्र ते माझ्या मनोविकारतज्ज्ञ मित्राकडे जायला तयार झाले. दोन वर्षे लागली, त्यात दोनदा घसरलेही. तोवर मुलीचा इनहेलर आम्ही दवाखान्यातून देत राहिलो.

मला आजही सल आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. त्याआधीच्या खेपेलाच आईने "इनहेलर संपत आलाय, बघू" असे म्हटले होते. मी नवी चिठ्ठी लिहून दिली आणि पुढच्या मुलाला आत बोलावले. औषध बंद पडण्यामागे दरवेळी अज्ञान किंवा गरिबीच असते असे नाही. तेव्हा मित्रहो, 'औषध चालू आहे ना?' या प्रश्नानंतर 'घरी सगळे ठीक आहे ना?' हा दुसरा प्रश्न अवश्य विचारावा, आणि तो विचारून उत्तरासाठी क्षणभर थांबावे.