एसटीत झोप लागली तरी वाटूर फाटा चुकणार नाही : फोनला जागेचा अलार्म कसा लावायचा

पुण्याहून रात्री निघालेली नांदेडची गाडी जालना सोडते, तेव्हा निम्म्याहून जास्त प्रवासी गाढ झोपेत असतात. जालन्यानंतर रामनगर, पुढे वाटूर फाटा, मग मंठा आणि जिंतूर. शेवटच्या स्टॉपला उतरणाऱ्याला काही काळजी नसते, गाडी थांबली की तो उठतो. खरी पंचाईत मधल्या फाट्यावर उतरणाऱ्याची. वाटूरला उतरून पुढे परतूरकडे जायचं असेल आणि नेमका तेव्हाच डोळा लागला, तर जाग येते थेट मंठ्याला. वेळ पहाटे तीनची. परतीची गाडी कधी येईल ते सांगता येत नाही, आणि तिकडे फाट्यावर भाऊ बाईक लावून तासभर वाट बघतोय. एकट्या मुलीसाठी तर हा फक्त गैरसोयीचा प्रश्न राहत नाही.

यावर सगळे जण घड्याळाचा अलार्म लावतात. पण तो वेळ ओळखतो, जागा ओळखत नाही. गाडी तासभर उशिरा असेल तर तो उगाच लवकर उठवतो, मग तुम्ही 'पाच मिनिटं' म्हणून परत झोपता आणि तिथेच घात होतो. कंडक्टरना सांगून ठेवणं हा सगळ्यात जुना आणि चांगला उपाय, तो सोडू नका. फक्त लांबच्या गाडीवर मधल्या डेपोत ड्युटी बदलू शकते. ज्यांना सांगितलं ते उतरून गेले की तुमचा निरोपही त्यांच्याबरोबर गेला.

फोनला मात्र आपण कुठे आहोत हे कळू शकतं. मग त्यालाच सांगायचं, 'वाटूर जवळ आलं की उठव.' हे बिनपैशात जमतं, पण त्यात दोन-तीन ठिकाणी लोक हमखास अडकतात. आज त्याबद्दल जरा नीट बोलू.

जीपीएसला नेट लागत नाही

हा गैरसमज आधी काढून टाका. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि सतत आपली वेळ व आपली जागा सांगणारा सिग्नल पाठवतात. फोन तो फक्त ऐकतो. किमान चार उपग्रह ऐकू आले की कोणता सिग्नल किती उशिरा पोचला यावरून तो स्वतःची जागा काढतो. यात मोबाईल टॉवरचा संबंध नाही, सिमकार्डाचा नाही, रिचार्जचा तर नाहीच. अमेरिकेच्या जीपीएसशिवाय रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बायडू हेही आजचे बहुतेक फोन ऐकतात. काही फोन आपल्या इस्रोचं नाविकसुद्धा ऐकतात.

मग रेंज गेली की नकाशा का अडकतो? एक तर नकाशाचं चित्र नेटवरून येतं. निळा ठिपका बरोबर जागी असतो, पण त्याच्याखाली कोरी पाटी. यावर उपाय सोपा : गूगल मॅप्समध्ये जालना ते मंठा हा भाग आधीच ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. त्याला मुदत असते, म्हणून दिवाळीला डाउनलोड केलेला नकाशा पुढच्या वेळी निघण्याआधी एकदा तपासा. किंवा ऑरगॅनिक मॅप्स वापरा, ते ॲप मुळातच ऑफलाइन चालण्यासाठी बनवलंय.

दुसरं कारण फार कमी जणांना माहीत असतं. जागा काढण्यासाठी फोनला प्रत्येक उपग्रहाच्या कक्षेची ताजी माहिती लागते. उपग्रह ती स्वतःच पाठवतो, पण वेग किती? सेकंदाला ५० बिट. ही माहिती पूर्ण यायला साधारण ३० सेकंद लागतात, आणि मध्येच सिग्नल तुटला तर परत थांबा. पत्र्याच्या छताखाली, हलत्या गाडीत ते सारखं तुटतं. नेट असेल तर फोन हीच माहिती सर्व्हरवरून क्षणात उतरवून घेतो. म्हणून शहरात ठिपका लगेच दिसतो आणि गावाकडे मिनिटं जातात. ही माहिती काही तास उपयोगी राहते. त्यामुळे जालना बसस्थानकात गाडी थांबली आणि तुम्ही जागे असाल, तर नेट चालू असताना एकदा नकाशा उघडून ठिपका येऊ द्या. पुढचं काम बरंच सोपं होतं.

खिडकीची सीट घ्या. फोन वरच्या रॅकवरच्या बॅगेत टाकला तर त्याला आकाश दिसणारच नाही. एसी गाडीच्या काचांवर धातूचा अंश असलेली फिल्म असेल तर तिथेही सिग्नल कमी होतो. अशा वेळी साधी लाल परी जास्त भरवशाची!

वर्तुळ किती मोठं काढायचं?

जागेचा अलार्म म्हणजे नकाशावर एका जागेभोवती काढलेलं वर्तुळ. फोन त्याच्या आत शिरला की अलार्म वाजतो. याला जिओफेन्स म्हणतात, म्हणजे नकाशावरचं कुंपण. अँड्रॉइडवर मॅक्रोड्रॉइड नावाच्या ॲपमध्ये हे करता येतं. मोफत आवृत्तीत मोजकेच मॅक्रो बनवता येतात, पण आपल्याला एकच हवाय.

बहुतेक जण इथे फाट्याभोवती ५०० मीटरचं छोटंसं वर्तुळ काढतात आणि झोपतात. हे वर्तुळ गाडी सहज उडी मारून ओलांडते. कसं ते बघा.

फोन तुमची जागा दर सेकंदाला तपासत नाही, नाहीतर बॅटरी औरंगपुऱ्यापर्यंतसुद्धा टिकणार नाही. अँड्रॉइड ८ पासून तर गूगलने मागे चालणाऱ्या ॲपना तासातून मोजक्याच वेळा जागा मिळेल अशी मर्यादा घातलीय. समजा फोन दर १० मिनिटांनी तपासतोय आणि गाडी ताशी ६० च्या वेगाने चाललीय, म्हणजे मिनिटाला १ किलोमीटर. दोन तपासण्यांच्या मध्ये गाडी १० किलोमीटर पुढे गेली. ५०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ आरपार जायला तिला १ मिनिट लागतं. त्या एका मिनिटातच तपासणी होण्याची शक्यता दहात एक. बाकी नऊ वेळा तुम्ही मंठ्याला.

मग ८ किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर? तपासणी आत नक्की होईल, पण कधी? गाडी वर्तुळात शिरल्यावर सगळ्यात उशिरा म्हणजे १० मिनिटांनी. तोपर्यंत ती १० किलोमीटर आत आली, म्हणजे फाटा ओलांडून २ किलोमीटर पुढे! अलार्म वाजला, पण उपयोग शून्य.

म्हणून हिशोब असा करा : दोन तपासण्यांमध्ये गाडी जेवढं अंतर कापेल तेवढं, अधिक उठून, चप्पल शोधून, बॅग काढून दारापर्यंत यायला लागेल तेवढं. १० मिनिटांची तपासणी असेल तर १० अधिक ५, म्हणजे १५ किलोमीटर त्रिज्या. अलार्म फाट्याच्या ५ ते १५ मिनिटं आधी कधीही वाजेल. ॲपच्या सेटिंगमध्ये तपासणी २ मिनिटांवर आणता आली, तर ७-८ किलोमीटरचं वर्तुळ पुरतं आणि जाग अगदी वेळेवर येते. बॅटरी थोडी जास्त जाईल, एका रात्रीपुरतं चालतं. वर्तुळ सरळ रेषेत मोजतं आणि रस्ता वळणं घेत जातो. त्यामुळे प्रत्यक्षात अंतर थोडं जास्तच मिळतं, कमी नाही.

पिन लावताना गावाचं नाव सर्च करून मोकळे होऊ नका. एकाच नावाची गावं मराठवाड्यात ढिगाने आहेत, आणि नकाशा गावाच्या मध्यावर पिन लावतो. गाडी जिथे खरोखर थांबते तो फाटा नकाशावर शोधून बोटाने दाबून धरा.

मॅक्रो बनवू

मॅक्रोड्रॉइड प्ले स्टोअरवरूनच घ्या. नवीन मॅक्रोमध्ये ट्रिगर म्हणून लोकेशनमधला जिओफेन्स निवडा, वर्तुळ काढा, 'आत शिरल्यावर' हा पर्याय ठेवा. ॲक्शनमध्ये आवाज वाजवणं आणि व्हायब्रेशन दोन्ही टाका. मला सगळ्यात आवडलेली ॲक्शन म्हणजे मजकूर बोलून दाखवणं. फोनमध्ये गूगलचा मराठी आवाज डाउनलोड केला असेल तर 'ऊठ, वाटूर आलं' असं फोन चक्क मराठीत ओरडतो. शेजारचा प्रवासीही उठतो, त्याला तयारी ठेवा. आवाज मीडियाच्या नाही तर अलार्मच्या व्हॉल्यूमवर ठेवा, आणि 'डू नॉट डिस्टर्ब' चालू असेल तर त्यात अलार्मला परवानगी आहे ना ते बघा. मेनूंची नावं आवृत्तीप्रमाणे थोडी बदलतात, गोंधळू नका.

आता परवानग्या. अँड्रॉइड १० पासून लोकेशनची परवानगी 'ॲप वापरताना' आणि 'नेहमी' अशी वेगवेगळी मिळते. इथे 'नेहमी' लागते, कारण तुम्ही झोपलेले असताना ॲप उघडं नसणार. या कामासाठी ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मात्र लागत नाही, ती देऊ नका.

एवढं करूनही शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी यांच्या फोनवर अलार्म न वाजण्याची शक्यता चांगलीच असते. या कंपन्या बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप सरसकट बंद करून टाकतात. तुमचा पहारेकरी तुमच्याआधीच झोपलेला असतो. म्हणून त्या ॲपसाठी बॅटरीची बंधनं काढा, ऑटोस्टार्ट चालू करा, आणि अलीकडच्या ॲपच्या यादीत त्याला कुलूप लावा. बॅटरी सेव्हर रात्रभर बंद ठेवा. कोणत्या फोनमध्ये हे कुठे सापडतं ते 'डोन्ट किल माय ॲप' नावाच्या वेबसाइटवर कंपनीप्रमाणे लिहिलेलं आहे.

रेंजही नाही, जीपीएसही नाही, तेव्हा

आणखी एक गोष्ट. गूगलचं जिओफेन्स बॅटरी वाचवण्यासाठी जीपीएसपेक्षा वायफाय आणि टॉवरवरून काढलेल्या जागेवर जास्त भिस्त ठेवतं, आणि त्या पद्धतीला नेट लागतं. नेट नसेल तर इशारा येईलच असं नाही, हे गूगलनेच डेव्हलपरसाठीच्या माहितीत सांगितलंय. जालन्याच्या पुढे नेट सारखं येतं-जातं, त्यामुळे हे आपल्याला लागू आहे. यावर साधा उपाय म्हणजे गूगल मॅप्स किंवा ऑरगॅनिक मॅप्समध्ये फाट्यापर्यंतचं कार नेव्हिगेशन चालू ठेवणं. ते थेट जीपीएस वापरतं, त्यामुळे मॅक्रोलाही ताजी जागा मिळत राहते. बॅटरी खातं, म्हणून ते जालना सुटल्यावरच चालू करा आणि पॉवर बँक जोडा.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण त्यात ना नेट लागतं ना आकाश. प्रत्येक टॉवरला एक ओळखक्रमांक असतो आणि फोन रेंज पकडताना तो वाचतोच. रेल्वेत 'व्हेअर इज माय ट्रेन' नेट आणि जीपीएस नसतानाही गाडी कुठे आहे ते सांगतं, ते याच जोरावर. मॅक्रोड्रॉइडमध्येही टॉवर बदलल्याचा ट्रिगर आहे. पुढच्या वेळी दिवसा गावी जाताना फाट्याच्या थोडं आधीचे टॉवर त्यात नोंदवून घ्या. फाट्याचेच नोंदवले तर उठायला वेळ उरत नाही. टॉवर प्रत्येक कंपनीचे वेगळे, आणि ४जी-५जीचे क्रमांकही वेगळे. म्हणून सिम बदललं की यादी नव्याने करावी लागते. फोन एअरप्लेन मोडवर असेल तर जीपीएस बहुतेक फोनवर चालतं, पण ही युक्ती चालत नाही.

आयफोनवाल्यांसाठी रिमाइंडर्स ॲपमध्येच 'पोचल्यावर आठवण कर' आहे आणि वर्तुळ बोटाने ओढून मोठं करता येतं. फक्त तिथे येतं ते साधं नोटिफिकेशन, एकदा टिंग करून गप्प. गाढ झोपेला ते पुरत नाही. शॉर्टकट्समध्ये ऑटोमेशन बनवून मोठा आवाज वाजवता येतो का ते बघा.

पहिली चाचणी रात्री घेऊ नका. आधी शहरातच, रोजच्या बसने कॉलेजला जाताना जागेपणी करून बघा. अलार्म वाजला तेव्हा ठिपका कुठे होता ते नकाशावर मोजा, म्हणजे तुमच्या फोनची खरी तपासणी किती मिनिटांनी होते ते कळेल. तोच आकडा वरच्या हिशोबात घाला. दोन वेळा नीट वाजला तर रात्रीच्या गाडीत वापरा, आणि तरीही अंदाजे वेळेचा एक साधा अलार्म आणि कंडक्टरना सांगणं हे दोन्ही ठेवाच.

फाट्यावर उतरलात, भावाच्या बाईकवर बसलात, की मॅक्रो बंद करा आणि लोकेशनची परवानगी 'नेहमी'वरून परत 'ॲप वापरताना'वर आणा.