जुनी लेन्स, नवा सेन्सर

अंधेरीच्या मोहन स्टुडिओत 'मुघल-ए-आझम'चा शीशमहाल उभा राहिला, तेव्हा आरशांवरून उलटलेला दिव्यांचा उजेड थेट लेन्समध्ये शिरू लागला. मग आरशांना मेणाचा पातळ थर दिला गेला आणि छायालेखक आर. डी. माथुर यांनी दिव्यांचा झोत कापडाच्या पट्ट्यांवरून परतवून सौम्य केला. सिनेमा आला १९६० मध्ये. आज त्याच अंधेरीत भाड्याने लेन्स घेताना जुना सेट घ्यावा की नवा, हे ठरवायचं तर आधी हा भरकटलेला उजेडच समजून घ्यावा लागतो.

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फिरतो. कुक स्पीड पँक्रो या जुन्या लेन्सच्या मूळ रचनेत सहा काचा चार गटांत बसवलेल्या, म्हणजे हवेला भिडणारे आठ पृष्ठभाग. काचांवर परावर्तन रोखणारा लेप नसेल तर पावहिश्शाहून जास्त प्रकाश वाटेतच जातो. त्यातला थोडा काचांमध्ये फिरून चित्रावर पसरतो आणि सावल्या फिक्या करतो. एकेरी लेपाने हे कमी झालं. आजच्या अनेकपदरी लेपांनी प्रत्येक पृष्ठभागावरचं परावर्तन अर्ध्या टक्क्याच्या आत आणलं. म्हणून २००५ सालच्या मास्टर प्राइम लेन्सवर खिडकीसमोर उभ्या माणसाचे केस काळेच राहतात.

डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर चकचकीत असल्याने उजेड तिथूनही लेन्सकडे उलटतो. शिवाय काही जुन्या वाइड लेन्सचे किरण कडेला फार तिरपे पडतात. फिल्मला ते चालत. पण सेन्सरवरच्या काचेमुळे कोपरे विरघळल्यासारखे दिसतात.

तेव्हा लेन्सच्या चाचणीत तीक्ष्णता बघायचा छापील तक्ता नंतर लावा. आधी माणूस उभा करा, दोन्ही लेन्स एकाच टी-स्टॉपवर ठेवा आणि एक उघडा बल्ब कडेकडून हळूहळू फ्रेममध्ये आणा. नजर डोळ्यांखालच्या सावलीवर असू द्या. जुन्या लेन्सवर ती कधी इतकी हळुवार उजळते, की चेहऱ्यासाठी मी तीच लेन्स निवडेन. मग फोकस चेहऱ्यावरून भिंतीवर न्या. फ्रेम आकसली-फुगली तर ते ब्रीदिंग. नव्या सिने लेन्समध्ये ते सहसा फारच कमी असतं.

जुना सेट ताब्यात घेण्याआधी मागून टॉर्च मारून आत बघाच. मुंबईच्या दमट हवेत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, आणि ती लेप खाते. पुसली तरी अनेकदा डाग उरतो. हिरव्या पडद्यासमोर मात्र नवीच लेन्स लावा. जुन्या लेन्सवर हिरवा उजेड केसांच्या कडांवर पसरतो आणि व्हीएफएक्सवाल्यांना त्या कडा नीट कापता येत नाहीत.