कॅटलिना, कधी येतेस?

कुणी नव्या मोबाइलची वाट बघतं, कुणी अप्रेझलची. मी सध्या एका विमानाची बघतोय! म्हणजे १/७२ प्रमाणातल्या प्लॅस्टिक मॉडेल किटची. विमान कॅटलिना, दुसऱ्या महायुद्धातली पाण्यावर उतरणारी 'फ्लाइंग बोट'. नव्या साच्यातलं किट येतंय म्हटल्यावर दुकानात नाव नोंदवून मोकळा झालोय.

तुम्ही म्हणाल, खेळण्यासाठी एवढं? पण बॉस, गंमत बारकाव्यांत आहे. खऱ्या कॅटलिनाच्या पंखांचा विस्तार जवळपास ३१.७ मीटर, माझ्या टेबलावर जेमतेम ४४ सेंटिमीटर. पंखांखालचे फ्लोट हवेत गेल्यावर वर दुमडून पंखांची टोकंच बनायचे. आणि पाठीमागे दोन्ही बाजूंना टेहळणीसाठी पारदर्शक फुगवटे. जुन्या किटमध्ये ते जाड, धुरकट यायचे. नव्यात पातळ आणि स्वच्छ मिळावेत, एवढीच इच्छा.

कारण त्या फुगवट्यांमागे माणसं होती. ४ एप्रिल १९४२ रोजी सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या दक्षिणेला गस्त घालताना कॅनडाच्या लिओनार्ड बर्चल यांच्या कॅटलिनाला जपानी आरमार दिसलं. विमान पाडलं जाण्याआधी रेडिओवरून इशारा गेला. दुसऱ्या दिवशी कोलंबोवर हल्ला झाला, पण तोवर बंदरातली बरीच जहाजं बाहेर पडली होती. नऊ जणांपैकी तिघं मारले गेले, बर्चल यांच्यासह सहा जण युद्धकैदी झाले.

मला तेच विमान करायचंय. क्रमांक एजे १५५. ब्रश धुऊन तयार आहेत. ऑफिसात डेडलाइन तर रोजच येते. मनापासून वाट बघावी अशी तारीख क्वचितच. तुमच्याकडे आहे एखादी?