यंत्रमागावरील सावड

कृषिजीवनातील परस्परसाहाय्याचे दोन प्रकार महाराष्ट्राला परिचित आहेत. इर्जिकीत गावकरी आपापली बैलजोडी घेऊन एखाद्याच्या रानात उतरतात आणि दिवसभराच्या श्रमाबद्दल केवळ जेवण घेतात. सावडीत मात्र केलेल्या कामाची तितक्याच कामाने फेड अपेक्षित असते. माणूस शेत सोडून कारखान्यात आला म्हणजे या वृत्तीचे काय होते, हा प्रश्न भिवंडीच्या कामतघर भागासंबंधी विचारण्याजोगा आहे. वऱ्हाळा तलावाच्या आसमंतातील या वस्तीत यंत्रमागांचा खडखडाट नित्याचाच होय. भिवंडीच्या या धंद्यात तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे आहेत, तसेच उत्तर प्रदेश आणि बिहार येथून आलेले कामगारही आहेत. म्हणजे एका छपराखाली राबणारी माणसे एका गावची तर नाहीतच, पुष्कळदा एका भाषेचीही नाहीत.

येथील मजुरी सामान्यतः विणलेल्या कापडाच्या मीटरवर ठरते आणि पाळी बहुधा बारा तासांची असते. एका विणकराकडे अनेक माग असतात. साध्या मागावर धोट्यातील कांडी संपली की ती हाताने बदलावी लागते, ताण्याचा धागा तुटला की गाठ मारून तो वहीतून आणि फणीतून पुन्हा ओवावा लागतो. तुटलेला धागा वेळीच ध्यानात आला नाही, तर माग चालूच राहतो आणि कापडात दोष उतरत जातो. अशा स्थितीत शेजाऱ्याचे माग सांभाळण्याचा अर्थ काय, हे थोड्या गणिताने स्पष्ट होईल. समजा, धोटा मिनिटाला १५० वेळा फेकला जातो आणि कापडात इंचाला ५२ आडवे धागे आहेत. मग दहा मिनिटे बंद राहिलेला एक माग सुमारे पाऊण मीटर कापड गमावतो. सहा माग तितकाच वेळ थांबले, तर जवळजवळ साडेचार मीटरांची मजुरी बुडते. तापाने अंग मोडलेला सोबती घटकाभर बाहेर बसावा म्हणून जो त्याचे माग पाहतो, तो त्याची तेवढी मजुरी राखतो. आणि त्याचे स्वतःचे माग मध्येच थांबले, तर स्वतःची थोडी घालवतो. येथील सौजन्य मीटरात मोजता येते, ही गोष्ट विलक्षण म्हटली पाहिजे.

सणांपूर्वी मागणी वाढली म्हणजे या सौजन्याची खरी कसोटी लागते, आणि ती विशेषतः पाळी बदलताना. जाणाऱ्याने तुटलेले धागे तसेच ठेवले, भरलेल्या कांड्या संपवून टाकल्या, तर येणाऱ्याचा आरंभीचा वेळ कमाईविना जातो. उलट, जाता जाता दोन गाठी मारून ठेवणे आणि ‘तिसऱ्या मागाचा धोटा अडतो’ एवढे सांगणे याला फार शब्द लागत नाहीत. त्या कर्कश आवाजात शब्दांचा उपयोगही थोडाच! हाताच्या खुणेने भागते. नवख्याला विणकराची गाठ शिकविणे हेही असेच साहाय्य; ते मात्र घाईत सर्वांत आधी मागे पडते. शिकविणाऱ्याची मिनिटे कोणत्याही हिशेबात येत नाहीत, हे त्याचे कारण दिसते.

हे साहाय्य सावड की इर्जिक? आमच्या मते ते बहुतांशी सावडच आहे. रोजच्या शेजाऱ्याकडून फेड होण्याचा भरवसा असतो. पण आठवड्याभरात गावी जाणाऱ्या किंवा बदलीवर आलेल्या माणसाचे माग कोणी सांभाळले, तर तेथे फेडीची आशा नसते. ती इर्जिकच म्हणावी, आणि तीही जेवणावाचून.

मालकाने मात्र या सद्भावावर आपली व्यवस्था उभारू नये. १९४८ च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती आवश्यक ठरविली होती. परंतु पुष्कळसे लहान कारखाने कामगारसंख्येमुळे त्याच्या कक्षेबाहेर राहिले. जेथे विश्रांतीसाठी बदली माणूस ठेवलेला नसतो, तेथे एकाची विश्रांती दुसऱ्याच्या मजुरीतून निघते. बारा माग डोळ्यांखाली घेऊन धावणाऱ्या त्या दुसऱ्याला कोणी ‘सहकार्यशील’ म्हटले, तरी मीटरांच्या वहीत त्याचा आकडा त्या दिवशी कमीच पडलेला असतो.