सोमनाथच्या थेट दक्षिणेला

सोमनाथच्या बाणस्तंभाचा फॉरवर्ड तुमच्याही मोबाइलवर येऊन गेला असेल. इथून सरळ दक्षिण ध्रुवापर्यंत म्हणे मध्ये जमीनच नाही! नकाशा उघडा आणि ७०.४ अंश पूर्व रेखावृत्तावरून बोट खाली नेत राहा. ४९ अंश दक्षिणेला ते अडतं: केर्गेलेन. फ्रान्सच्या ताब्यातल्या या द्वीपसमूहात लहानमोठी सुमारे तीनशे बेटं आहेत, आणि एकटं मुख्य बेटच गोव्याच्या पावणेदोन पट भरेल.

'म्हणजे अंटार्क्टिकाच ना?' नाही. अंटार्क्टिका अजून सुमारे दोन हजार किलोमीटर खाली. पॅरिस विषुववृत्ताच्या जेवढं उत्तरेला, तेवढंच केर्गेलेन दक्षिणेला. हिमनद्या आहेत, पण खरा जाच वाऱ्याचा. पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला हजारो किलोमीटर काहीच नाही. झाड एकही उगवत नाही. पूर्वी मात्र उगवत होतं. खडकांत लाकडाचे जीवाश्म सापडतात.

ओसाड हा शिक्का जुना. १७७२ मध्ये बेट पाहणाऱ्या केर्गेलेन या दर्यावर्दीनं फ्रान्सच्या राजाला सुपीक भूमीच्या थापा मारल्या, आणि पुढं खटला होऊन तुरुंगात गेला. १७७६ मध्ये आलेल्या ब्रिटिश दर्यावर्दी कुकला ते पार उजाड वाटलं. चुकले दोघंही.

इथली खरी मानकरी एक कोबी. मोहरीच्या कुळातली, जाड पानांची, चवीला झणझणीत. क जीवनसत्त्व भरपूर, म्हणून स्कर्व्हीनं हिरड्या सुजलेले खलाशी ती आवडीनं खात. मोहरीच्या फुलांवर कीटक घोंगावतात, हिचं परागीकरण मात्र वाराच करतो. पानांच्या बेचक्यात माश्या राहतात, त्यांना पंखच नाहीत. उडणारी माशी इथं समुद्रातच जायची!

कायमची वस्ती नाही, विमानाची धावपट्टी नाही. रियुनियनहून बोटीनं यायचं, आणि पोर्त-ओ-फ्रान्से तळावर संशोधक व कर्मचारी पाळीपाळीनं राहतात.

वस्ती नाही म्हणजे निसर्ग अनाघ्रात, हा समजही सोडा. शुक्राचं अधिक्रमण पाहायला १८७४ मध्ये आलेल्या ब्रिटिशांनी ससे सोडले, आणि त्यांनी कोबीचा फडशा पाडला. पुढं मांजरं आली, ती समुद्रपक्ष्यांवर तुटून पडली. ससे पोचले नाहीत अशा लहान बेटांवर मात्र ती कोबी अजून गच्च माजलेली असते.